पैसा फेकला की करंडक येतो म्हणे!

"अंबानींचा पैसा आहे, जिंकणारच की!" हे वाक्य मी बोरिवलीच्या फास्ट लोकलमध्ये ऐकलंय, मुलुंडच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर ऐकलंय आणि घाटकोपरला फरसाण तोलून घेताना गिऱ्हाईक आणि दुकानदार या दोघांच्याही तोंडून ऐकलंय. विषय असतो मुंबई इंडियन्सच्या महिला संघाचा. महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या तीन हंगामांत दोन करंडक, 2023 आणि 2025. संघ कोणी बांधला, कसा बांधला, कितीत बांधला, हे विचारायचा अवकाश, की हे वाक्य अंगावर येतं आणि चर्चा तिथेच संपते. बोलणाऱ्याला वाटतं, आपण फार मोठा व्यवहार उलगडून दाखवला.

या वाक्याच्या मागोमाग त्याची भावंडंही येतात. एक म्हणतं, लिलाव म्हणजे मटका, आकडा लागला तर लागला. दुसरं म्हणतं, कर्णधार हरमनप्रीत कौर असल्यावर संघबांधणी कसली करायची, ती एकटी जिंकवते. तिसरं हिशेबनीस असतं: करंडक आला तर मॅनेजर हुशार, नाही आला तर नालायक, उगाच डोकं कशाला शिणवायचं? चौथ्याचा सूर अस्मितेचा: मुंबईचा संघ म्हणवता, मग मुंबईच्या पोरी कुठे आहेत? आणि सगळ्यांच्या तळाशी, फारसं मोठ्याने न बोललं जाणारं, एक पाचवं असतं: बायकांच्या टीमला कसला आलाय जनरल मॅनेजर!

अमेरिकेत बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये जनरल मॅनेजर या माणसाची दर आठवड्याला चिरफाड होते. कोणाला घेतलं, कोणाला सोडलं, पगाराची मर्यादा कशी वापरली, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. आपल्याकडे बायकांच्या बास्केटबॉलमध्ये असा वाद घालायला जागाच नाही. पुण्याच्या शिरीन लिमयेसारखी भारताची कर्णधार राहिलेली खेळाडू रेल्वेकडून खेळते. वर्षानुवर्षं टिकलेली व्यावसायिक लीगच नाही, तर तिचा मॅनेजर कुठून आणायचा? तसा वाद घालण्याजोगी एकच जागा आपल्याकडे तयार झाली, ती महिला प्रीमियर लीग. लिलावाच्या टेबलावर बसून पाटी वर करणाऱ्या माणसांच्या कामाचं मोजमाप इथे करता येतं. पदाचं नाव संघागणिक बदलतं, काम तेच. आणि हे मोजमाप करायचं सोडून आपण एका वाक्यावर भागवतो, याचा मला संताप येतो.

आधी पैशाचंच बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

13 फेब्रुवारी 2023 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये पहिला लिलाव झाला. प्रत्येक संघाकडे खर्चायला 12 कोटी रुपये होते. मुंबईकडे 12, बंगळुरूकडे 12, गुजरातकडे 12. मालकाच्या तिजोरीत किती आहेत याला त्या दालनात काडीची किंमत नव्हती. तेराव्या कोटीतला एक रुपयाही कोणाला खर्चता येत नव्हता. आता संघ विकत घ्यायला कोणी किती मोजले ते बघा. सर्वाधिक रक्कम मुंबईने मोजलीच नाही. अदानींनी अहमदाबादच्या संघासाठी 1289 कोटी मोजले, मुंबईसाठी 912.99 कोटी मोजले गेले. पैशाने करंडक येत असता तर तो साबरमतीच्या काठी गेला असता. गेला कुठे? गुजरात जायंट्स पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला राहिले.

मग मुंबईने 12 कोटींचं काय केलं? नॅट सिव्हर-ब्रंट 3 कोटी 20 लाख. पूजा वस्त्राकर 1 कोटी 90 लाख. हरमनप्रीत कौर 1 कोटी 80 लाख. यास्तिका भाटिया दीड कोटी. चौघींतच 8 कोटी 40 लाख गेले, म्हणजे सत्तर टक्के. उरलेल्या 3 कोटी 60 लाखांत तेरा खेळाडू घ्यायच्या होत्या. अमेलिया कर 1 कोटीला, अमनजोत कौर 50 लाखांना, हेली मॅथ्यूज 40 लाखांना, इसी वाँग 30 लाखांना, सायका इशाक 10 लाखांना, आणि असंच पुढे. सतरा नावांची बेरीज करा. बरोबर 12 कोटी होते. एक रुपया शिल्लक नाही, एक रुपया कमी पडला नाही. ज्यांना हे नुसतं पैसे उधळणं वाटतं, त्यांनी 3 कोटी 60 लाखांत तेरा माणसं घेऊन दाखवावीत आणि त्यातल्या दोघी-तिघींनी पुढे स्पर्धा जिंकून द्यावी अशी व्यवस्थाही करावी.

एक गोष्ट मान्य करतो आणि पुढे जातो. लिलावाच्या बाहेरच्या खर्चाला मर्यादा नाही. खेळाडू हेरणारी माणसं पाठवणं, सराव, वैद्यकीय पथक, यात श्रीमंत मालकाला हात सैल सोडता येतो. पण तो हात सैल सोडून आणलेली माहिती नीट वाचायची कोणी? चार मालक श्रीमंत असताना पहिल्या तीन हंगामांत एकाचाच संघ दोनदा जिंकला, याचा उलगडा श्रीमंतीने कसा होणार?

आता तो मटका. हेली मॅथ्यूजचं उदाहरण यासाठी हमखास दिलं जातं. वेस्ट इंडीजची कर्णधार, पहिल्या फेरीत तिच्यावर बोलीच लागली नाही. नंतर तिचं नाव परत आलं तेव्हा मुंबईने तिला मूळ किमतीत, 40 लाखांत उचललं. त्या हंगामात तिने 271 धावा केल्या, 16 बळी घेतले, सर्वाधिक बळींची जांभळी टोपी मिळवली आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. 26 मार्चला ब्रेबॉर्नवरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध तिची चार षटकं बघितलेल्यांना आठवत असेल: दोन निर्धाव, पाच धावा, तीन बळी. "बघा, नशीब!" असं म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. तिचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं तेव्हा त्या दालनात पाच टेबलं होती. पाचही टेबलांसमोर तीच यादी होती, तेच आकडे होते, तीच 40 लाखांची किंमत होती. नशीब चार टेबलं सोडून नेमकं पाचव्यापाशी येऊन बसलं?

सायका इशाकचंही तसंच. कोलकात्याची डावखुरी फिरकी गोलंदाज, किंमत 10 लाख, पहिल्या हंगामात 15 बळी. मुंबईच्या टेबलामागे मार्गदर्शक आणि गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून झुलन गोस्वामी होती. झुलन बंगालची, सायकाही बंगालची. जिला बंगालच्या मैदानावरची प्रत्येक गोलंदाज ठाऊक आहे अशा बाईला आपल्या बाजूला बसवणं, हाच संघबांधणीतला पहिला निर्णय होता आणि तो लिलावाच्या आधी झाला होता. मुख्य प्रशिक्षक शार्लट एडवर्ड्स, फलंदाजीला आपली देविका पळशीकर. ही नेमणूक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि लिलाव 13 तारखेला. मटका खेळणारा असा अभ्यास करून बसतो का?

आणि न घेतलेल्यांचा हिशेब कोण करणार? त्या दिवशी पहिलंच मोठं नाव आलं ते आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचं. मुंबई आणि बंगळुरू भिडले. बोली वाढत गेली आणि 3 कोटी 40 लाखांवर स्मृती बंगळुरूची झाली. मुंबई थांबली. बाहेर हळहळ: "मराठी पोरगी सोडली!" त्यानंतर लगेच हरमनप्रीत आली आणि 1 कोटी 80 लाखांत मुंबईची झाली. स्मृतीसाठी आणखी ताणलं असतं तर सिव्हर-ब्रंटला 3 कोटी 20 लाख कुठून आले असते? पाटी वर करताना सगळे दिसतात. खाली ठेवणारा कोणाच्या लक्षात राहत नाही. लिलावात निम्मं कौशल्य तिथेच असतं, कारण समोरचा अजून वर जायला तयार असताना, कॅमेरा आपल्यावर असताना, मालक शेजारी बसलेला असताना हात आवरता घ्यावा लागतो.

हरमनप्रीत एकटी जिंकवते, हे म्हणणं ऐकायला छान वाटतं. 15 मार्च 2025, पुन्हा ब्रेबॉर्न, पुन्हा दिल्ली. हरमनप्रीतच्या 44 चेंडूंत 66 धावा, त्याशिवाय मुंबईच्या 149 झाल्याच नसत्या. कबूल. पण सामना 8 धावांनी जिंकला, आणि त्या 8 धावा वाचवायला तीन बळी घेणारी सिव्हर-ब्रंट होती, जिने आधी 30 धावाही केल्या होत्या. त्या हंगामात सिव्हर-ब्रंटने 523 धावा केल्या; या लीगमध्ये एका हंगामात पाचशेचा टप्पा तोपर्यंत कोणी ओलांडला नव्हता. बळींच्या यादीत वर कोण होतं? अमेलिया कर 18, हेली मॅथ्यूज 18. तिघी एकाच दुपारी, दोन वर्षांपूर्वी, एकाच टेबलाने घेतलेल्या.

इथे जरा थांबायला हवं, कारण या टेबलाची खरी कल्पना इथे दिसते आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. अकरा जणींच्या संघात साधारणपणे चारच परदेशी खेळवता येतात. म्हणजे परदेशी जागा ही पैशापेक्षा दुर्मीळ वस्तू आहे. पैसे 12 कोटी असतील, पण जागा चारच. मग त्या जागेवर फक्त फलंदाज बसवली तर अर्धी जागा वाया. सिव्हर-ब्रंट, मॅथ्यूज, कर, तिघीही फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणाऱ्या. तीन जागांत सहा माणसांचं काम झालं आणि हरमनप्रीतच्या हाताखाली एवढे गोलंदाज आले की एखादीचा दिवस वाईट गेला तरी दुसरीकडे चेंडू देता यावा. दिल्लीने 1 कोटी 10 लाखांत मेग लॅनिंग घेतली. थोर कर्णधार, पहिल्या हंगामात 345 धावा करून फलंदाजांत अव्वल. पण ती गोलंदाजी करत नाही. ही तिची चूक नाही, पण टेबलावरच्या हिशेबात तो फरक मोठा आहे. मुंबईचं डोकं चाललं ते इथे. हे ओळखायला अंबानी असावं लागत नाही, आठ तास यादी घेऊन बसावं लागतं.

करंडक मोजून मॅनेजरची किंमत ठरवणारे हिशेबनीस मला सगळ्यांत जास्त खटकतात, कारण ते स्वतःला व्यवहारी समजतात. त्यांच्या पद्धतीने दिल्लीचं मूल्यमापन करून बघू. 2023 मध्ये साखळीत पहिले, अंतिम फेरीत हरले. 2024 मध्ये साखळीत पहिले, अंतिम फेरीत हरले. 2025 मध्ये साखळीत पहिले, अंतिम फेरीत हरले. करंडक शून्य. म्हणजे दिल्लीचा संघ बांधणारा माणूस लीगमधला सगळ्यांत निकामी, गुजरातच्या बरोबरीचा? आणि बंगळुरू? 2023 मध्ये पहिले पाच सामने हरले, आठांत दोन जिंकले. 2024 मध्ये आठांत चार जिंकून तिसरे आले आणि करंडक नेला. 2025 मध्ये आठांत तीन. म्हणजे तिथला माणूस आधी मूर्ख, मग अलौकिक बुद्धिमत्तेचा, मग पुन्हा मूर्ख?

मुंबईचंच घ्या ना. 2024 च्या बाद फेरीत बंगळुरूकडून 5 धावांनी हरले. 2025 ची अंतिम फेरी 8 धावांनी जिंकले. पाच धावांची हार म्हणजे टेबलाचं अपयश आणि आठ धावांचा विजय म्हणजे टेबलाची दूरदृष्टी? मधल्या तेरा धावांत माणसाची अक्कल बदलते की काय? निकाल लागल्यावर "पेपर सोपाच होता" म्हणणाऱ्या पोरासारखं हे मूल्यमापन आहे. त्याला परीक्षा द्यावी लागत नाही.

पण दोन हंगामांच्या मधे काय केलं, ते मात्र टेबलाला विचारायलाच हवं. बंगळुरूने डिसेंबर 2023 मध्ये मुंबईतच झालेल्या छोट्या लिलावात सोफी मोलिन्यू 30 लाखांत घेतली, जॉर्जिया वेअरहॅम 40 लाखांत. आधीच्या वर्षी दहा-दहा लाखांत घेतलेल्या श्रेयांका पाटील आणि आशा शोभना यांना, संघ चौथा आला म्हणून, फेकून दिलं नाही. 2024 च्या अंतिम सामन्यात मोलिन्यूच्या एका षटकात तीन बळी गेले, श्रेयांकाने चार काढले. करंडक त्या षटकात आला हे सगळ्यांनी पाहिलं. तो डिसेंबरमधल्या त्या 30 लाखांत दडला होता, हे किती जणांनी पाहिलं?

बास्केटबॉलमधलं एक उदाहरण देतो. न्यूयॉर्क लिबर्टी हा अमेरिकेतल्या महिला लीगच्या 1997 मधल्या पहिल्या हंगामापासूनचा संघ. जोनाथन कोल्ब तिथे जनरल मॅनेजर झाला. 2020 मध्ये संघाने 22 सामने खेळले आणि 2 जिंकले. बावीसात दोन! आपल्या हिशेबनिसांनी त्याला त्याच रात्री घरी पाठवलं असतं. त्या वर्षीच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेली सॅब्रिना आयोनेस्कू त्याने धरून ठेवली, 2023 मध्ये ब्रियाना स्टुअर्ट आणि जॉनक्वेल जोन्स आणल्या, आणि 2024 मध्ये संघाच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद आलं. उलट इंडियानाला 2024 मध्ये केटलिन क्लार्क मिळाली ती सोडतीत पहिला क्रमांक निघाला म्हणून. पहिला क्रमांक आल्यावर क्लार्कला घ्यायला मॅनेजर कशाला हवा, शिपाईही तेच नाव लिहून देईल. दैव कुठे संपलं आणि काम कुठे सुरू झालं, एवढं तिथले लोक वेगळं काढतात. आपल्याला ते का जमू नये? इथेही उदाहरण आहे. गुजरातने 2 कोटींना घेतलेली बेथ मूनी पहिल्याच सामन्यात जखमी होऊन हंगामाबाहेर गेली. त्याबद्दल त्यांच्या टेबलाला झोडपू नये. पुढच्या वर्षीही ते तळाला का राहिले, हे मात्र जरूर विचारावं.

आता अस्मिता. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण मीही याच उपनगरांत वाढलोय. जेमिमा रॉड्रिग्जचं लहानपण भांडुपचं, म्हणजे मुलुंडहून लोकलने दोन स्टेशनं. 30 ऑक्टोबर 2025 रोजी डी. वाय. पाटीलवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या आणि दुसऱ्या दिवशी जो तो म्हणू लागला, "ही मुंबई इंडियन्समध्ये का नाही?" 2023 च्या लिलावात दिल्लीने तिला 2 कोटी 20 लाखांना घेतलं होतं. ठीक आहे, मुंबईने घ्यायला हवी होती असं धरू. मग 2 कोटी 20 लाख कुठून आणायचे, तेही सांगा. मॅथ्यूजचे 40 लाख, करचे 1 कोटी, अमनजोतचे 50 लाख, वाँगचे 30 लाख. बेरीज 2 कोटी 20 लाख, रुपयाला रुपया. म्हणजे एका जेमिमासाठी या चौघी सोडायच्या, आणि दिल्ली काही हात बांधून बसली नसती, म्हणजे त्याहूनही जास्त मोजायचे. पहिल्या हंगामातल्या बाद फेरीच्या सामन्यात या लीगमधली पहिली हॅटट्रिक घेतली ती याच वाँगने. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू याच चौघींतली. जेमिमावर माझंही प्रेम आहे. पण प्रेमाची किंमत लिलावात दुसऱ्या चार जणींना मोजावी लागते.

धारावीची सिमरन शेख डिसेंबर 2024 मध्ये 1 कोटी 90 लाखांना गुजरातकडे गेली. तिच्याबद्दलही हेच ऐकलं. मुंबईची हुमैरा काझी मात्र 2023 मध्ये 10 लाखांत मुंबईच्याच संघात आली होती. तिचं नाव विचारलं तर हेच अस्मितावाले एकमेकांकडे बघतात. संघाच्या नावात मुंबई आहे आणि अकरांत मुंबईची एखादीच, तीही कधीमधी, हे मलाही बोचतं. एवढं मान्य. पण मुंबईतून मुली तयार करणं हे मुंबई क्रिकेट संघटनेचं, शाळांचं, क्लबांचं काम आहे. बारा कोटी हातात घेऊन एका दुपारी बसलेल्या टेबलाकडून ते मागणं म्हणजे ज्याचं त्याला सोडून भलत्याला धरणं. मुंबईच्या मुलींच्या आंतरराज्य सामन्याला यातले किती जण प्रेक्षक म्हणून बसले, हे विचारायचं मी टाळतो.

राहिलं ते तळाशी असलेलं पाचवं. बोरिवलीच्या पूनम राऊतने 2017 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर 86 धावा केल्या, तेव्हा तिच्यासाठी ना लिलाव होता, ना टेबल. बायकांच्या क्रिकेटला कोणी चुकून वाईटही म्हणत नसे, कारण कोणी बघतच नसे. आता बघतात, आणि बघून टाळ्या वाजवतात. विश्वचषक जिंकल्यावर तर फारच. पण टाळ्या वाजवणं सोपं आहे. मुंबईच्या पुरुष संघात हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणलं तेव्हा याच कट्ट्यांवर महिनाभर रणकंदन झालं, एकेक रुपयाचा हिशेब मागितला गेला, रोहितच्या कर्णधारपदावरून नाती तुटायची वेळ आली. कट्ट्यावरचा हाच माणूस महिला संघाबद्दल विचारलं की "छान खेळतात पोरी" म्हणून पाठीवर थाप देतो आणि अंबानींच्या पैशावर येऊन थांबतो. निर्णयांवर भांडण्याइतकं महत्त्व द्यायचं नाही, फक्त कौतुक करायचं. माझ्या मते हे कौतुक टीकेपेक्षा जास्त अपमानाचं आहे.

भांडायचंच तर भांडायला भरपूर आहे, फक्त आकडे घेऊन या. मुंबईच्या टेबलाचं काय चुकलं ते मी सांगतो. पूजा वस्त्राकरला 1 कोटी 90 लाख मोजले, ती दुखापतीमुळे 2025 चा हंगाम खेळलीच नाही. दुखापत दैवाची, पण एवढी रक्कम एका वेगवान अष्टपैलूच्या शरीरावर लावणं हा निर्णय होता. यास्तिकाला दीड कोटी दिले. नोव्हेंबर 2025 मध्ये तिला गुजरातने 50 लाखांत घेतलं. वाँगची हॅटट्रिक अजून डोळ्यांसमोर असताना तिला सोडून द्यावं लागलं. हे चुकलं. आता दुसरी बाजू मांडा. 15 लाखांत घेतलेली केरळच्या वायनाडची सजना सजीवन, 23 फेब्रुवारी 2024, पहिलाच सामना, शेवटच्या चेंडूवर 5 धावा हव्यात, ती मैदानात येते आणि समोर आलेल्या पहिल्याच चेंडूवर ॲलिस कॅप्सीला षटकार मारते. त्या चेंडूला किती दैव म्हणायचं, किती पारख, यावर वाद घाला. मी तयार आहे.

बाजारानेही आपला निकाल दिलाय. 27 नोव्हेंबर 2025 रोजी दिल्लीत नवा मोठा लिलाव झाला, खर्चाची मर्यादा 15 कोटी. त्याआधी मुंबईने पाच जणी कायम राखल्या: सिव्हर-ब्रंट साडेतीन कोटी, हरमनप्रीत अडीच, मॅथ्यूज पावणेदोन, अमनजोत 1 कोटी आणि जी. कमलिनी 50 लाख. विश्वचषक उंचावून चार दिवस झाले नाहीत तोच भारताच्या कर्णधाराला परदेशी खेळाडूपेक्षा एक कोटी कमी, म्हणून बोंब झाली. 2025 च्या हंगामातल्या 523 धावा आणि गोलंदाजी वेगळी, हे बघून दिलेला भाव आहे तो. देशभक्तीचं मानधन वेगळ्या खात्यातून निघतं. कमलिनी, जिला सोळाव्या वर्षी 1 कोटी 60 लाखांना घेतलं म्हणून सगळे हसले होते, तिला नियमांत बसवून 50 लाखांत ठेवली. जे 2023 मध्ये 40 लाखांत मिळालं, त्याला 2025 मध्ये पावणेदोन कोटी लागले. सजना 15 वरून 75 लाखांवर गेली, सायका 10 वरून 30 वर. या खेळाडूंची किंमत अंबानींनी वाढवली नाही. त्या खेळल्या आणि ती वाढली, आणि वाढायच्या आधी त्यांना कोणीतरी ओळखलं होतं.

उरलेल्या 5 कोटी 75 लाखांतले 3 कोटी मुंबईने अमेलिया करवर लावले. निम्म्याहून जास्त. पाच जणी राखल्यामुळे दुसऱ्याच्या बोलीची बरोबरी करून तिला परत घ्यायचा हक्क त्यांच्याकडे नव्हता; भर दालनात लढून घ्यावी लागली. बाकीच्या 2 कोटी 75 लाखांत दहा जणी. धाडस आहे की अविचार? माझं मत: बरोबर केलं, कारण तीन परदेशी अष्टपैलूंची ती रचना तुटली असती तर मागची तीन वर्षं पाण्यात गेली असती. भारतीय वेगवान गोलंदाजी मात्र मला पातळ वाटली, आणि दहा-वीस लाखांच्या नव्या मुलींवर या वेळी भार जास्त होता.

9 जानेवारी 2026 रोजी डी. वाय. पाटीलवर मुंबई आणि बंगळुरू यांच्यातच नव्या हंगामाचा पहिला सामना झाला. ज्यांना करला 3 कोटी जास्त वाटले, त्यांनी तिच्याऐवजी कोणाला घ्यायला हवं होतं, कितीला, आणि त्यासाठी यादीतलं कुठलं नाव खोडायचं, हे 9 तारखेच्या आत सांगायला हवं होतं. हंगाम संपला, करंडक गेला किंवा आला, की मग सांगितलेलं ऐकून घ्यायला मी बांधील नाही.